बावन्न सेकंदांची चढण

वाळूची पोती घेऊन गाडी चढणीला लागली तेव्हा मी हातात स्टॉपवॉच धरून उन्हात उभी होते. अठ्ठावीस आसनं, प्रत्येकावर एक पोतं, पट्ट्यांनी आवळून बांधलेलं. माणसं बसवण्याआधी महिनाभर पोतीच फिरवायची, असा तिथला नियम होता. मला ते सोयीचंच होतं. पोती किंचाळत नाहीत, त्यामुळे माझं संगीत मला निवांत ऐकता येत होतं.

चढणीच्या खांबाखांबावर कर्णे लावले होते आणि प्रत्येक आसनाच्या पाठीला छोटे स्पीकर. साखळी गाडीला ओढू लागली की आधी एकटा संबळ. वीस सेकंदांनी त्यात ट्रंपेट शिरायचे, मग व्हायोलिनं, सगळं मिळून चढत चढत जायचं आणि अगदी माथ्यावर, गाडी पुढे कलायच्या बेतात असताना, सगळं बंद. दीड सेकंद काहीच नाही. मग छत्तीस ढोल एकदम.

त्या दुपारी पहिल्यांदा ते सगळं जिथल्या तिथे पडलं. गाडी कलली आणि ढोल कोसळले. 

"बावन्न!" मी ओरडले. "बरोबर बावन्न सेकंद!"

केबिनमधून जनार्दन घरत खाली उतरले. पन्नाशीचे, सडपातळ, खाकी कपड्यांवर ग्रीसचे डाग. ते त्या मनोरंजन पार्कचे हेड फिटर. आमच्या रोलर कोस्टरची, म्हणजे 'तुफान'ची, सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. आधी ते मोरा बंदरात लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे.

"जमला काय, बाय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यामुळे जमलं," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. तीन आठवडे माझं गणित चुकत होतं. सकाळी बसवलेलं संगीत दुपारी पुढेमागे व्हायचं. घरतांनीच सांगितलं होतं की सकाळी ग्रीस घट्ट असतं, गाडी अडते. दुपारी ग्रीस पातळ झालं की सुटते. गाडी भरलेली असली की वेळ वेगळी, रिकामी असली की वेगळी. वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांच्या त्या वेळांवरून मी माथ्यावरच्या शांततेला मागेपुढे सरकायला जागा ठेवली होती.

घरत उभेच राहिले. काहीतरी बोलायचं होतं.

"बाय, चढनीला आवाज थोडा कमी करता येल काय?"

"का?"

"मना साखली ऐकाला येत नाय."

मला आधी कळलंच नाही. मग ते मला चढणीच्या पायथ्याशी घेऊन गेले आणि गाडीच्या पोटाखाली हात घालून दाखवलं. तिथे दोन लोखंडी जिभा होत्या, तळहाताएवढ्या. चढताना त्या रुळामधल्या खाचांवरून टकटक करत जायच्या. साखळी तुटलीच तर जिभा खाचेत अडकणार आणि गाडी मागे घसरणार नाही.

"दोन हायत, म्हनून टक-टक, टक-टक असा जोडीनं वाजतं," घरत म्हणाले. "एक गेली का नुसता टक. डोल्यांनी बघाचा तर गाडी उचलावी लागते, ती म्हयन्यातून एकदा. कानानं मना हर फेरीला कलतं."

हा टकटकाट झाकायचा म्हणूनच तर मला बोलावलं होतं. पार्कचे व्यवस्थापक उदय राजाध्यक्ष मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "लोकांना वाटतं गाडी मोडकी आहे. बायका चढणीवरच घाबरतात. मला तो खुळखुळाट नको आहे, मॅडम. मला तिथे सिनेमा हवा आहे."

मी एकतीस वर्षांची होते. आठ वर्षं जाहिरातींच्या जिंगल केल्या होत्या, त्याही दुसऱ्यांच्या नावावर. साबण, मसाले, पंखे. 'तुफान'च्या प्रवेशद्वारावर पितळी पाटी लागणार होती: संगीत, केतकी पोतनीस. पेणच्या पुढे, हमरस्त्याला लागून, माझ्या नावाची पाटी.

तरी त्या दिवशी मी घरतांचं ऐकलं. आवाज कमी केला नाही, पण केबिनमध्ये त्यांच्या हाताशी एक बटण बसवून घेतलं. दाबलं की तेवढ्या चढणीपुरतं संगीत बंद.

"तासाला एकदा दाबा," मी म्हणाले.

"हो, बाय," ते म्हणाले. खूश झाले. दुसऱ्या दिवशी घरून माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आले.

गणपतीनंतर 'तुफान' सुरू झालं. वर्तमानपत्रांत फोटो आले, एका पुरवणीत माझी मुलाखत आली. लोक उतरल्यावर ढोलांबद्दल बोलायचे. कॉलेजची पोरं रांगेत उभ्याउभ्या संबळाचा ठेका तोंडानं वाजवायची. मी उगाचच आठवड्यातून दोनदा मुंबईहून यायची आणि रांगेच्या कडेला उभी राहून ऐकायची.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी हैदराबादच्या एका कंपनीचे दोन संचालक आले. त्यांचे तीन पार्क उभे राहत होते. राजाध्यक्षांनी त्यांना पहिल्या डब्यात बसवलं, मी त्यांच्या मागे बसले. लोखंडी पट्टी खाली आली. गाडी हलली, संबळ सुरू झाला आणि पाचव्या सेकंदाला बंद पडला.

उरलेले सत्तेचाळीस सेकंद आम्ही नुसत्या टकटकाटात वर चढलो. एक संचालक मागे वळून म्हणाला, "म्युझिक कुठे आहे?" मी हसल्यासारखं केलं. माथ्यावरून कोसळताना माझे ढोल वाजले, पण तोवर मजा गेली होती. चढणीशिवाय त्या ढोलांना अर्थच नव्हता.

उतरल्यावर मी तडक केबिनमध्ये गेले.

"घरत, नेमकी हीच फेरी?"

"मना काय म्हाईत तुमी बसलात," ते म्हणाले. "सकालपासून ऐकला नव्हता. रविवार हाय, गाडी भरून चाललीय. आज जास्ती ऐकाला पायजे."

"तासाला एकदा म्हटलं होतं. तुम्ही तर दर तिसऱ्या फेरीला बंद करता. मला सांगितलंय लोकांनी."

"मंग, तीन फेऱ्यांनी एकदा तरी नको काय?"

त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी मी ऑफिसात बसून राजाध्यक्षांना पत्र लिहिलं. लिहिलं की फिटर घरत मनाला येईल तेव्हा संगीत बंद करतात, यंत्राचा आवाज ऐकायचा आहे अशी सबब सांगतात, त्यामुळे माझ्या कामाची नासाडी होते, तरी केबिनमधलं बटण काढून टाकावं. 'सबब' हा शब्द मला नीट आठवतो. आधी मी 'कारण' लिहिलं होतं. ते खोडून 'सबब' केलं.

मंगळवारी बटण गेलं. साखळी सुरू झाली की संगीत आपोआप सुरू, आणि संगीताच्या कंट्रोल पेटीची किल्ली ऑफिसात.

पुढच्या खेपेला घरत मला फाटकाशीच भेटले.

"बाय, बटन तुमी काढाला लावलात?"

"साहेबांचा निर्णय आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मंग साहेबांना तुमी सांगा ना. तुमचा ऐकतील. सकालची एक फेरी द्या मना, रिकामी. गाना नको. येकच."

"बोलते," मी म्हणाले.

बोलले नाही. हैदराबादचं पत्र यायचं होतं, आणि राजाध्यक्षांकडे कुठलीही कुरकूर घेऊन जायची माझी तयारी नव्हती. दिवाळीच्या सुटीत मी दोनदा पार्कमध्ये गेले, चढणीच्या पायथ्याशी उभी राहिले. माझा कान तयार होता. एका व्हायोलिनची तार किंचित उतरली तरी मला कळायची. मला तिथे माझं संगीत सोडून काहीही ऐकू आलं नाही.

नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेला, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला साखळी तुटली. गाडी चढणीच्या वरच्या टप्प्यात होती. दोनपैकी एक जीभ बऱ्याच दिवसांपासून मोडलेली होती, हे नंतर सिद्ध झालं. उरलेल्या एकीला अठ्ठावीस माणसांचा भार पेलला नाही. गाडी उलटी घसरत आली आणि स्टेशनात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळली. अकरा जण जखमी झाले. सगळ्यात मागच्या आसनावर चिपळूणची मंदाकिनी वाघधरे बसली होती. सत्तावीस वर्षांची, नर्स. भाचीला पार्क दाखवायला आली होती. भाचीची उंची कमी पडली म्हणून तिला खाली बाकावर बसवून ती एकटीच गाडीत चढली होती. ती जागच्या जागी गेली.

मी तेव्हा दादरला स्टुडिओत होते. राजाध्यक्षांचा फोन आला. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही कुणाशी बोलू नका."

सरकारी चौकशी जानेवारीत झाली. राजाध्यक्षांनी मला घरून गाडीत घेतलं. वडखळ मागे पडल्यावर त्यांनी बॅगेतून एक कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. माझं पत्र होतं.

"हे फाइलला लागलेलं नाही," ते म्हणाले. "नोंदही नाही. तुमचं तुम्हाला परत."

"पण घरत सांगतील ना."

"सांगेल. त्याच्याकडे काय आहे? तो म्हणेल आवाज ऐकू येत नव्हता. आपण म्हणू, लेखी का नाही दिलंस? त्यानं एक ओळ लिहिलेली नाही." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "तुम्ही संगीत दिलंत. यंत्र हा तुमचा विषय नाही. एवढंच सांगायचं. हैदराबादवाल्यांनी मला परवा विचारलं, बाई या भानगडीत आहेत का? मी म्हटलं, अजिबात नाही."

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

कचेरीच्या व्हरांड्यात घरत बाकावर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी, शेजारी त्यांची बायको. मला बघून ते उठले.

"बाय, बसा इथं," ते म्हणाले. मी नको म्हटलं, तरी उभेच राहिले. मग बायकोला म्हणाले, "या त्या गान्याच्या बाय. त्यांना सगला म्हाईत हाय." आणि मला हळूच म्हणाले, "तुमी आलात, बरा झाला. माझा कोन ऐकतोय इथं."

आत त्यांना आधी बोलावलं. मी दाराशीच होते, सगळं ऐकू येत होतं. त्यांनी जिभांबद्दल सांगितलं, टकटक जोडीनं कशी वाजते ते टेबलावर बोटं आपटून दाखवलं. बटण होतं आणि मग काढलं, हेही सांगितलं.

"तुम्ही यावर लेखी तक्रार केलीत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाय साहेब. मना लिवाला तवढा येत नाय. गान्याच्या बायना सांगितला होता. दोनदा."

मग मला बोलावलं. अधिकारी वयस्क होते, शांत. घाई नव्हती त्यांना.

"केबिनमध्ये संगीत बंद करायचं बटण होतं?"

"चाचणीच्या काळात होतं. तात्पुरतं."

"कशासाठी?"

"संगीताच्या चाचणीसाठी."

"घरत यांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का, की संगीतामुळे त्यांना यंत्राचा आवाज ऐकू येत नाही?"

खोलीत पंखा फिरत होता. घरत डाव्या बाजूच्या भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलेली मला दिसली.

"आवाजाबद्दल काहीतरी बोलले असतील," मी म्हणाले. "तिथे सगळेच काही ना काही बोलायचे. यंत्राबद्दल असं काही मला आठवत नाही."

"नीट आठवून सांगा. एका माणसाचा प्रश्न आहे."

"नाही आठवत."

"बटण काढायला तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, मी वाचून सही केली. बाहेर जाताना घरतांच्या अगदी जवळून जावं लागलं. ते रागावले नव्हते. गोंधळले होते. आपलीच काही चूक होतेय, आपणच भलत्या बाईंना सांगितलं की काय, असं आठवून बघत असल्यासारखे.

पुढे कोर्टात निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याबद्दल घरतांना दोन वर्षांची शिक्षा झाली. पार्क एक हंगाम बंद राहिला आणि दुसऱ्या नावानं उघडला. राजाध्यक्ष दुबईला गेले. मला हैदराबादची तिन्ही कामं मिळाली, मग बंगळूरचं, मग कोलंबोचं. एकूण नऊ रोलर कोस्टरना माझं संगीत आहे. या कामात देशात माझं नाव पहिलं घेतात. प्रत्येक ठिकाणी मी चढणीवर आवाज एकदम कमी ठेवायचा आग्रह धरते. लोक त्याला माझी शैली म्हणतात.

बारा वर्षांनी मी घरतांना भेटायला गेले. कशासाठी, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. उरणच्या अलीकडे त्यांचं गाव, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनरचे ढीग. विचारत विचारत घर सापडलं. ते ओटीवर पंख्याची मोटर उघडून बसले होते. खूप वाळले होते. मला त्यांनी ताबडतोब ओळखलं.

"या, बाय," ते म्हणाले, आणि आत हाक मारून चहा सांगितला. त्यांची बायको दारापर्यंत आली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. चहा सुनेनं आणून दिला.

मी वाट बघत होते की ते काही बोलतील. ते पंख्याबद्दल बोलले, कंटेनरच्या गाड्यांबद्दल बोलले. शेवटी मीच म्हणाले, "घरतमामा, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला सगळं आठवत होतं. बटणही मीच काढायला लावलं. पत्र लिहून."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुरुंगात बसून इचार कराला येल लय असतो."

"मला माफ करा."

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. पण ते आले. हातात शाळेची एक वही होती आणि पेन.

"मंग ह्या लिवून द्या," ते म्हणाले. "आता म्हनालात तसाच. खाली तुमची सही. ती चिपलूनची पोर, तिची भाची आता मोठी झाली असंल. तिला पाठवाचा हाय. लोकांना वाटतं मीच त्या पोरीला मारली. गावात अजून म्हनतात. मना सरकारकडून काय नको, बाय. तवढा येक कागद द्या."

वही माझ्यासमोर उघडी होती. कोरं पान. मी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. तारीख लिहिली. आणि मग मला खोटी साक्ष, खटला, महिनाभरावर आलेलं सिंगापूरचं काम, सगळं एकदम दिसायला लागलं.

"मी लिहून देते," मी म्हणाले. "फक्त एकदा वकिलांना विचारते. म्हणजे नीट शब्दांत देता येईल. आठवड्याभरात पाठवते."

घरतांनी माझ्याकडे पाहिलं. चौकशीच्या दिवशी होता तो गोंधळ आता त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

"हां," ते म्हणाले. "इचारा."

त्यांनी वही मिटली. मला फाटकापर्यंत सोडायला आले, रस्ता ओलांडताना गाड्या बघून जायला सांगितलं.

वकिलांनी सांगितलं, असलं काही कागदावर देऊ नका. मी दिलं नाही. घरत चार वर्षांनी गेले, मला ते वर्षभरानं कळलं. ही हकिकत लिहायला घेतली तेव्हा मी त्याच वकिलांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, कथा म्हणून लिहा, हरकत नाही. मात्र नावं बदला. मी सगळी बदलली आहेत. पार्कचं, राजाध्यक्षांचं, माझं. आणि घरतांचंही.